गोठ्यात समाचाराला

खोली बघायला गेले, तर बाईने मला खोली दाखवलीच नाही. आधी गोठ्यात नेलं.

गंजाडच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून मी तेव्हा नुकतीच रुजू झाले होते. कोल्हापूरकडची पोरगी मी, नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर डहाणू कुठे आहे ते मोबाइलवर शोधलेलं. पहिले काही दिवस डहाणूहून टमटमने ये-जा केली आणि कंबरेचे टाके ढिले झाले. मग कोणीतरी सांगितलं की काकीकडे ओसरीला लागून एक खोली रिकामी आहे. "पण काकी जरा... बघा तुम्हीच," असं म्हणून तो माणूस हसला. का हसला ते मला गोठ्यात कळलं.

दावणीला दोन बैल होते. डाव्या अंगाला पांढरा चांद्या, उजव्या अंगाला लालसर तांब्या.

"हात पुढे कर," काकी म्हणाली.

म्हटलं, असेल काही इकडचं देवाधर्माचं. केला हात पुढे. आधी तांब्याने हुंगला आणि फुस्स केलं, मग चांद्याने हुंगला. काकीने मान डोलावली. "दोघांनी घेतला वास. चल आता, खोली बघ."

"आणि नसता घेतला तर?"

"तर वाणगावला बघायची खोली. मागे एक आलेला, चांगला इस्त्रीच्या कपड्यातला. चांद्याने तोंड फिरवलं, मी नाय दिली. पुढे कळलं, पिऊन बायकोला मारायचा."

माझ्या माहेरी चार म्हशी आहेत, म्हणजे जनावरं काही मी पहिल्यांदा बघत नव्हते. आमच्याकडे म्हशीला घासून अंघोळ घालतील, शिंगं रंगवतील, पण भाडेकरूची मुलाखत घ्यायला बसवणार नाहीत. मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस! पण खोली स्वच्छ होती, विहिरीला पाणी होतं आणि मुलाखतीत मी पास झाले होते. राहिले.

काकी अंगाने काटक, उन्हाने रापलेली. साडी पोटरीपर्यंत खोचलेली आणि पदराच्या टोकाला कायम गुळाच्या खड्याची गाठ. आल्यागेल्या पोराला त्यातला कणही मिळायचा नाही, तो गूळ बैलांचा. बोलणं तुटक. माणसांशी बोलताना तिला जणू शब्द विकत आणावे लागत, आणि गोठ्यात गेली की तोंडाला खळ नाही. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळं गाव काकी म्हणायचं, मीही म्हणू लागले.

राहायला येऊन आठवडा झाला असेल. रविवारी ऊन उतरल्यावर काकी धुवट, फिकी साडी नेसून बाहेर आली. ओच्यात कोवळं लुसलुशीत गवत.

"घराकडे बघ गं बाय. समाचाराला जाऊन येते."

"अगंबाई! कोण गेलं?"

"लाडक्याच्या गाईचं वासरू."

लाडक्याभाऊ म्हणजे आमचा शेजारी, बांधाला बांध लागून. मला हसू आवरेना. म्हटलं, मीपण येते, असा समाचार आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नाही. लाडक्याभाऊ अंगणात खाटेवर बसला होता. "ये काकी," म्हणून उठला. काकी त्याच्या अंगावरून अशी गेली की जणू तिथे माणूस नाही, खांब पुरलाय. सरळ गाईकडे. ओच्यातलं गवत पुढे ठेवलं आणि उभी राहिली. गाय गवताला तोंड लावेना. मान वळवून वळवून कोपऱ्यातल्या रिकाम्या खुंटीकडे बघायची आणि पोटातून हंबरायची. काकी उभीच. मी या पायावरची त्या पायावर, डास पोटऱ्या फोडतायत. बऱ्याच वेळाने गाईने काकीचं कोपर चाटलं. तरी काकी आणखी थोडी थांबली आणि मगच निघाली.

दारात लाडक्याभाऊची बायको चहा घेऊन आली. "काकी, कोरा तरी घे घोटभर."

"समाचाराला आल्यावर चहा घेत नाय."

वाटेत मी म्हटलं, "काकी, लाडक्याभाऊंशी एक शब्द तरी बोलायचा!"

"त्याचं काय गेलं? दूध गेलं. तिचं पोर गेलं."

"बरं, मग तिच्याशी तरी? नुसत्याच उभ्या राहिलात."

"बोलायचं काय असतं बाय? उभं राहायचं."

गावाला हे सगळं पाठ होतं. "काकी कोंबडीचं पण दहावं घालेल," असं पोरंसोरं म्हणायची. तिच्या पाठीमागे ओच्यात पाला घेऊन तिची नक्कल करायची. आणि काकीचं दुसरंही टोक होतंच. माणसांच्या मयताला ती क्वचित जायची. गावातली एक बडी म्हातारी गेली, अख्खा गाव लोटला, काकी आपली उकिरड्याजवळ कोंबड्यांना दाणे टाकतेय. मी जरा टोचून विचारलं, तर म्हणाली, "त्यांच्याकडे माणसं खूप आहेत. मी कशाला गर्दी करू?" माझा तर संतापच झाला. पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कोंबड्यांचं सांगायचं राहिलं. काकीकडे दोन वयस्क कोंबड्या होत्या, एक पिवळी आणि एक चितरी. दोघींना दोन वेगळ्या ताटल्यांत दाणे. मला वाटलं, एखादी आजारी असेल.

"आजारी कशाला? बोलणं बंद आहे त्यांचं," काकी म्हणाली. "चितरी खुडूक बसलेली, दाणे खायला उठली, तर पिवळी जाऊन तिच्या अंड्यांवर बसली. पिल्लं निघाली ती पिवळीच्या मागे लागली. तेव्हापासून चितरी तिचं तोंड बघत नाय."

मी दोन दिवस मुद्दाम लक्ष ठेवलं. खरंच हो! पिवळी अंगणात आली की चितरी पाठ करून बसायची. सासुरवाशिणीसुद्धा इतका कडक अबोला धरत नाहीत. मग एकदा भरदुपारी घार खाली आली. चितरी जी धावली ती थेट पिवळीच्या पिल्लांवर, पंख पसरून. घारीची नखं तिच्या पाठीत, पिसं अंगणभर. मी खराटा घेऊन ओरडत धावले तेव्हा घार गेली. दुसऱ्या दिवशी काकीने एक ताटली उचलून आत ठेवून दिली. "झालं त्यांचं," एवढंच म्हणाली. मी चितरीच्या पाठीला हळद लावली, नर्स असल्याचा तेवढा तरी उपयोग.

लाडक्याभाऊचा कुत्रा तर पक्का नाटकी. एकदा त्याच्या पायात काटा गेला होता, तेव्हा आठवडाभर त्याला भाकरीसोबत सुकट मिळाली. पुढे महिनोनमहिने घरातलं कोणी रागावलं की हा लंगडत यायचा. कधी उजवा पाय धरून लंगडे, कधी डावा. काकी त्याला म्हणायची, "ठरव रे बाबा एकदा, कुठला दुखतो ते." आणि तो खरंच ओशाळून चारी पायांवर चालू लागायचा.

हे सगळं मी फोनवर माहेरी रंगवून सांगायचे आणि आई पोट धरून हसायची. पण एक दिवस असा आला की सांगताना हसू आलं नाही. केंद्रात एक बाळंतपण झालं होतं, मूल मेलेलं जन्मलं. पहिलटकरीण होती, माझ्याच वयाची. तिला धीर दिला, सगळं नीट केलं, घरी आले, हातपाय धुतले आणि ओट्यावर बसले. कोणाला काही बोलले नाही. काकीची मांजर फार शिष्ट होती. मला कधी शिवू द्यायची नाही, माझ्या खोलीत तर पायही ठेवायची नाही. ती कुठून तरी आली आणि माझ्या पावलांवर अंग टाकून बसली. काकी गोठ्यातून येत होती. तिने मांजरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. आत गेली, नागलीची भाकरी आणि गरम कालवण आणून समोर ठेवलं.

"खा. मांजर बसलंय तुझ्या पायाशी म्हणजे काहीतरी झालंय."

मी हुंदके देऊन रडले. काकी उभी होती. त्या दिवसापासून मी तिची नक्कल करणाऱ्या पोरांना हाकलू लागले.

आता बैल. काकीचा नवरा होता तोवर ही जोडी त्याच्या हातची. तो गेल्यावर शेत लाडक्याभाऊच करायचा, चिखलणीपुरते दोघांना जुंपायचा. बाकी वर्षभर ते आरामात. येणाराजाणारा सांगायचा, काकी, आता ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, विकून टाक, बसून खातात.

"मी पण बसूनच खाते," काकी म्हणायची. "मला कोणाला विकता?"

ती जोडी बघण्यासारखी होती. जू मानेवर नसतानाही ते जुंपल्यासारखेच चालायचे, चांद्या डावीकडे, तांब्या उजवीकडे. पाण्याच्या डोणीवर आधी तांब्या प्यायचा, चांद्या मान खाली घालून थांबायचा, मग स्वतः प्यायचा. कितीही ऊन असो, हा क्रम मोडायचा नाही. मी एकदा मुद्दाम चांद्याला आधी नेलं, तर तो डोणीपाशी उभा राहून माझ्याकडे असा बघायला लागला की मलाच लाजल्यासारखं झालं.

काकीचा मुलगा वापीला कंपनीत होता. तिथेच फ्लॅट, बायको, एक मुलगी. मुलगा वाईट नव्हता, दर सणाला यायचा, पिशव्या भरून आणायचा, पण गोठ्याच्या दारातूनच परत फिरायचा. नातीच्या वाढदिवसाला एकदा काकीला आग्रह करून वापीला घेऊन गेला. तांब्या मेला तो नेमका त्याच दिवशी.

सकाळी त्याचं पोट फुगलं. लाडक्याभाऊने गुरांच्या डॉक्टरला फोन केला, ते लांबच्या पाड्यावर गेलेले. ते पोचायच्या आत तांब्याने मान टाकली. मी ड्यूटीवर होते आणि चांद्याला लाडक्याभाऊच्या पोरीने गुरांबरोबर माळावर नेलेलं. त्या दिवसांत गावात रस्त्याचं काम चालू होतं, जेसीबी शेजारच्या वळणावरच होता. लाडक्याभाऊने विचार केला, जेसीबी पुढे गेला तर परत मिळायचा नाही, आणि काकी येऊन बघेल तर तिला सोसवायचं नाही. त्याने दुपारीच शेताच्या कडेला मोठा खड्डा करून घेतला, तांब्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून ठेवली, वर मीठ टाकलं, माती ओढली. अंगणही झाडून घेतलं. इतक्या मायेने केलेलं काम, आणि तेच चुकलं.

काकी आली. तिने ऐकून घेतलं. तांब्या कसा गेला हे तिने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "चांद्याला तोंड दाखवलंस?"

लाडक्याभाऊ माळाकडे बघायला लागला.

चांद्या माळावरून परत आला तो दारातच थांबला. वाट बघत. त्याला ओढून आत बांधला, तर डाव्या खुंटीला, आपल्या जागेवर उभा राहिला आणि उजवीकडे वास घेत राहिला. पेंढ्याला तोंड लावेना. खरी गोष्ट कळली ती डोणीवर. चांद्या पाण्यापाशी गेला, मान खाली घातली आणि थांबला. तांब्या प्यायल्याशिवाय तो पिणार कसा? आम्ही बादली त्याच्या तोंडाशी धरली, तोंड ओलं केलं, काही उपयोग नाही. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर येऊन बाटल्या लावून गेले. म्हणाले, आजार काही नाही, पण असाच राहिला तर हातचा जाईल. त्याचे डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. सुकलेल्या लेकरांची कातडी मी अशीच धरून बघते, मला त्याचा अर्थ सांगायला डॉक्टर नको होता.

"लाडक्या, खोरं घे," काकी म्हणाली. "आणि ती घुंगरमाळ."

आम्ही चांद्याला शेताच्या कडेला नेलं. चालताना बिचारा उजवीकडे एका बैलाची जागा सोडून चालत होता. काकीने मातीच्या ढिगावर घुंगरमाळ ठेवली. "वरची माती जरा हलव," म्हणाली. मी म्हटलं, काकी, हे काय भलतंच! पण ती ऐकते थोडीच. लाडक्याभाऊने रडत रडत वीतभर माती उकरली. चांद्याने नाक खाली नेलं. मग मान वर करून, वरचा ओठ दुमडून, बराच वेळ तसाच राहिला. पुन्हा हुंगलं. खुराने माती ओढली. आणि असा आवाज काढला की तसा मी बैलाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, बारीक, लांबट. मग तो गुडघे टेकून तिथेच बसला.

"काकी, मी चांगल्यासाठीच केलं गं," लाडक्याभाऊ म्हणाला.

"माहीत आहे. सगळे चांगल्यासाठीच करतात."

तो निघून गेल्यावर काकी बांधावर टेकली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली. इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही.

"आमचे हे कोरोनात गेले. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिकडेच गेले, तिकडेच जाळले. पोराने लांबून बघितलं, पिशवीत बांधलेले. मला तोंड दाखवलं नाय. कोणाची चूक नाय, तेव्हा तसंच होतं. पण बाय, मी किती दिवस डहाणूची एसटी आली की रस्त्याला जाऊन उभी राहायची. डोक्याला कळलेलं, जिवाला कळलं नव्हतं. आणि समाचाराला कोण येणार? सगळे घाबरलेले. लाडक्या बांधावरून हाक मारायचा तेवढाच. मी ह्या दोघांच्या मध्ये जाऊन बसायची. हे दोघे खाणं टाकून माझ्या दोन्ही अंगांना उभे राहायचे. काय बोलले का ते? नाय. उभे राहिले."

मी नर्स. त्या दिवसांत मीही दुसऱ्या एका दवाखान्यात माणसं अशीच बांधून दिली होती. मी उठून तिच्या शेजारी उभी राहिले.

ऊन कलल्यावर चांद्या आपला आपण उठला. घरी येऊन डोणीपाशी गेला, मान खाली घातली, क्षणभर थांबला. आणि मग तो प्यायला लागला, घटाघटा, बादलीवर बादली. काकी पदराच्या गाठीतला गूळ सोडत होती. बाटल्यांनी अंगात जोर आला असेल, असं मी आजही म्हणू शकते. म्हणत नाही.

पुढे माझी तलासरीला बदली झाली. निघताना काकीने मला निरोप दिला नाही, "आधी चांद्याला सांगून ये," म्हणाली. सांगून आले. त्यानंतर अधूनमधून फोन व्हायचा. माझी चौकशी एका वाक्यात, चांद्याची दहा वाक्यांत. एक दिवस लाडक्याभाऊचा फोन आला की काकीला छातीत दुखतंय, मुलगा वापीला घेऊन गेला. मी लगेच तिला फोन लावला. आवाज बारीक झाला होता.

"बाय, एक काम आहे. मला काय झालं तर चांद्याला तोंड दाखव."

"काकी, काही होत नाही तुम्हाला."

"ते जाऊ दे. पोरगा इकडेच उरकेल, त्याला सोपं पडेल. तू नर्स आहेस, तुझं ऐकेल. नायतर तो दारात उभा राहील, पाणी पिणार नाय. हो म्हण."

"हो."

"हसत हसत नको म्हणू."

"हो, काकी," मी म्हटलं.

थोड्याच दिवसांत सकाळी मुलाचा फोन आला. आई पहाटे गेली. दुपारी इथेच स्मशानात नेतोय, तुम्हाला यायचं असेल तर या.

मी म्हटलं, "गावी न्या तिला."

"सिस्टर, गावी आता कोण आहे?"

"चांद्या आहे."

तो चिडला, आणि चिडणारच की! "बैलासाठी मी आईचं मयत एवढ्या लांब न्यायचं? लोक काय म्हणतील मला? आईचं खूळ होतं ते, तुम्ही शिकलेल्या आहात ना?"

मी शिकलेली आहे, म्हणून त्याला शिकलेलं काही सांगितलं नाही. विचारलं, "तुमच्या वडिलांचं तोंड काकीने बघितलं होतं?"

उत्तराची वाट बघितली नाही मी.

"मी तलासरीला हायवेवर उभी राहते," मी म्हटलं. "गाडी इकडे आणा, नाहीतर तिकडे वापीलाच उरका. मी उभी आहे."

किती वेळ उभी होते कोण जाणे. ट्रकांच्या धुळीने डोळे भरले. मनात एकच, आता नाही आला तर चांद्याला मी काय सांगणार? शेवटी ॲम्ब्युलन्स आली. मुलगा पुढे बसला होता. त्याने मागचं दार उघडायला लावलं. मी काकीच्या पायाशी बसले. चारोटीला वळलो तेव्हा तो मागे न बघता म्हणाला, "मी पण लांबूनच बघितलं होतं बाबांना."

अंगणात काकीला खाली घेतलं. नव्या साडीत ती काकी वाटत नव्हती. लाडक्याभाऊ चांद्याला सोडून आणायला गेला, तशी पाहुण्या बायकांत कुजबुज सुरू झाली, तुडवील, शिंग मारील. मग लाडक्याभाऊच्या बायकोने घरातून गुळाचा खडा आणला आणि काकीच्या पदराच्या टोकाला गाठ मारली. माझ्या डोळ्यांना त्याच वेळी धार लागली.

चांद्या आला. पावलं हुंगली, हात हुंगले, मग पदराची गाठ. ती त्याने चाटली, पण गूळ मागितला नाही. मान वर केली, ओठ दुमडला, तसाच राहिला. कोणी हललं नाही. लहान पोरंसुद्धा गप्प होती, तीच, नक्कल करणारी. मग तो वळला आणि काकीच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. मुलगा अंगणाच्या कडेला तोंड दाबून रडत होता.

तोंड दाखवलं म्हणजे दुःख होत नाही असं थोडंच आहे! चांद्या डोणीवर पाणी प्यायचा, पण चारा निम्मा टाकायचा. मुलाला सुट्टी थोडी होती. "दहावं झालं की बैलाचं काहीतरी बघून टाकू," तो लाडक्याभाऊला म्हणाला. लाडक्याभाऊने मला फोनवर ते सांगितलं आणि मी दहाव्याला सुट्टी टाकून गंजाड गाठलं. काय सांगणार होते मुलाला, ठरलेलं नव्हतं. टमटममधून उतरून वाटेत ओढ्याकाठचं गवत उपटलं आणि ओढणीत बांधून घेतलं, एवढंच.

मुलाने अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, चहाचं पातेलं उकळत होतं. लोक येत होते. पण खुर्च्या रिकाम्याच. बायका यायच्या, ओच्यात हिरवं, आणि खुर्च्यांवरून पुढे गोठ्याकडे जायच्या. पुरुष बगलेत पेंडी घेऊन. मुलगा पुढे व्हायचा, "बसा ना, चहा घ्या," आणि लोक मान हलवायचे. लाडक्याभाऊचा नाटकी कुत्रासुद्धा चारी पायांवर येऊन गोठ्याच्या उंबऱ्याशी बसला होता. दावणीत गवताचा ढीग झाला होता, चांद्याच्या गळ्याला टेकेल एवढा. आणि माणसं येत होती, थोडी उभी राहत होती, जात होती. कोणी बोलत नव्हतं.

मुलगा माझ्यापाशी आला. "सिस्टर, हे सगळे कोणाकडे आलेत? माझ्याकडे कोणीच..."

"तुमच्याकडे येतील की," मी म्हटलं. "आधी मोठ्याकडे."

तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला. मग माझ्या ओढणीतलं गवत बघितलं. "मला द्याल त्यातलं थोडं?"

मी सगळंच दिलं. गोठ्याच्या दाराशी, नेहमी तो जिथून परत फिरायचा तिथे, तो थबकला. "काय बोलायचं असतं?" त्याने मला विचारलं, अगदी हळू, शाळेतल्या मुलासारखं.

"काही नाही. उभं राहायचं."

तो आत गेला. गवत दावणीत ठेवलं आणि चांद्याच्या उजव्या अंगाला, तांब्याच्या जागेवर, जाऊन उभा राहिला. चांद्याने मान वळवून त्याचा हात हुंगला. बराच वेळ गेला. तो आत का उभा आहे ते लाडक्याभाऊच्या बायकोला ठाऊक नव्हतं. ती चहाचे कप घेऊन दारात आली आणि म्हणाली, "भाऊ, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. घोटभर घ्या."

"नको वहिनी," तो मान न वळवता म्हणाला. "समाचाराला आलोय."